सात-दहाचा राखणदार

दुपारी दोन ते चार या वेळात माणसाला कशावरही सही करू देऊ नये, असा एखादा कायदा हवा. रविवारी तर हवाच. पोटात बांगडा, बांगड्यावर सोलकढी आणि डोक्यावर तीनवर ठेवलेला पंखा, अशा अवस्थेत माणूस जगातल्या कुठल्याही गोष्टीला मान डोलावतो. दहिसरच्या ‘मैत्रबन’ या आठ रो-हाऊसच्या सोसायटीची सभा गेली बावीस वर्षं रविवारी तीनलाच भरते, ती उगाच नाही. त्या वेळी विरोधी पक्ष झोपलेला असतो.

गौरी-गणपती गेल्यानंतरच्या रविवारी अशीच सभा चालू होती आणि सेक्रेटरी चंद्रप्रकाश पाताडे, म्हणजे पाताडेसर, सभेत निम्मेच हजर होते. उरलेले निम्मे स्वप्नात होते. बाहेरचं बोलणं झोपेत शिरतं आणि तिथं वाटेल ते रूप घेतं, तसं झालं होतं. सरांच्या समोर हिरवंगार भाताचं शेत होतं आणि शेताच्या मधोमध एक लाकडी दरवाजा उभा होता. भिंत नाही, कुंपण नाही, नुसता दरवाजा. सर त्याला वळसा घालायला गेले की दरवाजाही सावकाश वळायचा, गाईनं मान वळवावी तसा.

“सर, बघताय ना?” असं कुणीतरी विचारलं आणि सरांनी डोळे उघडले. समोर मधुवंतीबाईंचा मोबाइल होता.

मधुवंतीबाई चार वर्षांपूर्वी ठाण्याहून सात नंबरात राहायला आल्या. त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण ही बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. त्यांचं म्हणणं असं, की सोसायटीच्या पुढच्या बाजूला लोखंडी गेट आहे, वॉचमन आहे, वही आहे, मोबाइलवर परवानगी मागण्याची सोय आहे. पण गाड्यांचा रस्ता मागच्या टोकाला जिथं नदीकाठच्या चाळीत निघतो, तिथं काहीच नाही. म्हणजे चोरानं दोन मिनिटं जास्त चालायची तयारी ठेवली, की सगळी सुरक्षा संपली. पुरावा म्हणून त्यांनी स्वतःच्या कॅमेऱ्यातलं चित्रण आणलं होतं. सकाळी सात वाजून दहा मिनिटं. लेंगा आणि बनियन घातलेला एक किडकिडीत माणूस मागून येतो, सेक्रेटरींच्याच कंपाउंडातून बाहेर झुकलेली जास्वंदीची फांदी वाकवतो, पाच फुलं तोडतो, पिशवीत ठेवतो आणि पुढच्या गेटनं निघून जातो.

“रोज पाच,” मधुवंतीबाई म्हणाल्या. “मी आठवडाभर मोजली.”

सर बघत राहिले. कॅमेरा उंचावर होता. त्यामुळे त्या माणसाच्या डोक्यावरचं गोल टक्कल स्पष्ट दिसत होतं, अगदी वडिलांना होतं तिथंच आणि तेवढंच. सरांनी हा माणूस अकरा वर्षं रोज सकाळी खिडकीच्या पडद्याआडून पाहिला होता, पण तो बाजूनं. आपल्या थोरल्या भावाला टक्कल पडलंय हे त्यांना सोसायटीच्या सभेत समजलं.

धोंडू पाताडे मागच्या चाळीत राहत होता. दोघं भाऊ त्याच चाळीत वाढले. वडील गिरणीत होते. धाकटा शिकला, बोरिवलीच्या कॉलेजात एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि चाळीतून रो-हाऊसमध्ये आला. अंतर चाळीस पावलं, प्रवास तीस वर्षांचा. भांडण जमिनीवरून नव्हतं, पैशावरून नव्हतं, बायकांवरून तर मुळीच नव्हतं. गणपतीवरून होतं. पाताड्यांचा गणपती पाच पिढ्या गावच्या घरात पाच दिवस बसायचा. वडील गेल्यावर सरांनी तो दहिसरला दीड दिवसाचा आणायचं ठरवलं, कारण कॉलेजची रजा मिळेना. इथं एक खुलासा करायला हवा. सर देव मानत नव्हते, गणपती मानत होते. कोकणात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तर सर म्हणाले, देव सगळीकडे असतो. त्यावर धोंडू म्हणाला, मग गावाकपण आसा मां, थंयसून तेका कित्याक उठवतंस? देव गावातही आहे, तर तिथून त्याला उठवायचं कशाला: एकतीस वर्षांच्या अध्यापनात सरांना उत्तर न आलेला हा एकमेव प्रश्न. उत्तर येईना म्हणून ते रागावले. धोंडू गावचा गणपती एकट्यानं करत राहिला आणि बोलणं थांबलं.

त्याच वर्षी सरांनी कंपाउंडच्या कडेला जास्वंद लावली. लाल, गणपतीला चालणारी. ती रस्त्याकडे झुकली ती आपली आपण झुकली, असं ते स्वतःला सांगत. वनस्पती प्रकाशाकडे झुकते हे शास्त्रही होतं. प्रकाश दुसऱ्या बाजूला होता, हा भाग वेगळा.

आता त्या सभेत तोंड उघडून ‘हा माझा भाऊ’ असं म्हणायला किती वेळ लागला असता? दोन सेकंद. पण मग ‘तो तुमच्या घरी का येत नाही’ हा प्रश्न आला असता आणि त्याला अकरा वर्षं लागली असती. सर मूग गिळून बसले. पाच नंबरातला मिहिर, जो घरी बसून परदेशी कंपन्यांसाठी चित्रं काढायचा, त्यानं गेट लाकडी हवं म्हणून आग्रह धरला. लोखंडी म्हणजे पोलीस चौकी वाटते यार, लाकडाला कसं एक फार्महाऊस फील. फार्म कुणाकडेच नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना पटलं. ठराव झाला. सरांनी सही केली. तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

ठराव करणं सोपं. तो न पाळणं याला कौशल्य लागतं, आणि सर बावीस वर्षं सेक्रेटरी होते. आधी त्यांनी पितृपक्ष पुढे केला. पितृपक्षात दार बसवत नाहीत म्हणाले. ज्या माणसानं ग्रहणाच्या दिवशी सगळ्या सोसायटीला गच्चीवर बोलावून भर ग्रहणात बटाटेवडे खायला घातले होते, त्याच्या तोंडी हे ऐकून लोक चकित झाले, पण वय झालं की असं होतं म्हणून गप्प बसले. मग दिवाळी आली. मग तीन सुतारांची कोटेशनं आली, ती सरांनी इतकी सावकाश वाचली की एक सुतार गावी निघून गेला. मग पौष आला. पौषात नवं काम नको. माघ लागला आणि सगळी निमित्तं संपली.

काम गुणाजीकडे आलं. गुणाजी सरांच्याच गावाकडचा सुतार, तीस वर्षं दहिसरमध्ये. त्यानं ओशिवऱ्याच्या जुन्या लाकडाच्या बाजारातून कुठल्याशा पाडलेल्या बंगल्याच्या सागवानी तुळया आणल्या आणि मागच्या टोकाला ताडपत्री बांधून बसला. सर दुपारी खुर्ची घेऊन त्याच्याजवळ बसायचे. देखरेख म्हणून. पण रंधा चालू झाला की देखरेख सुटायची. लाकडाच्या काळ्या पाठीतून मधासारखा रंग वर यायचा. पातळ, गुंडाळलेल्या ढलप्या सरांच्या पायांशी साठत जायच्या आणि शंभर वर्षं बंद असलेला वास बाहेर पडायचा. त्या वासात दुपार पसरट व्हायची. नदीकडून उडत आलेला एखादा बगळा हवेत जरा जास्तच वेळ थांबल्यासारखा वाटायचा. सरांना मग तेच शेत दिसायचं, तोच दरवाजा, आणि दरवाजापलीकडे कुणीतरी पाठमोरं चाललेलं. हाक मारायची म्हणून ते तोंड उघडायचे आणि स्वतःच्या घोरण्यानं जागे व्हायचे.

“सर, जावन आडवे व्हा घरात,” गुणाजी म्हणायचा.

खांबाचे खड्डे खणायच्या दिवशी गुणाजीनं नारळ मागवला. मधुवंतीबाई, मिहिर आणि सर असे तिघं समितीतर्फे हजर होते. नारळ हातात घेऊन गुणाजीनं विचारलं, “हयसरचो राखणदार कोण?”

मिहिरनं पुढच्या गेटकडे बोट दाखवलं.

“तो पगारी. मी बिनपगारी इचारतंय.” मग त्यानं समजावून सांगितलं. प्रत्येक जागेला तिचा एक राखणदार असतो. तो सकाळच्या पारी आपल्या हद्दीवरून फेरी मारून जातो. त्याची वाट अडवायची नसते. आता इथं दार घालायचं तर घाला, पण त्याला जायला वाट ठेवा. मोठ्या दरवाजाच्या पोटात एक लहान दिंडी दरवाजा, आणि त्याला कुलूप नको.

“म्हणजे भूत?” मधुवंतीबाईंनी विचारलं.

“भूत नाय वो. भूत अडवता. ह्यो सांभाळता.”

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. आता ग्रहणवाले सर गुणाजीला धुऊन काढणार, अशा अपेक्षेनं मिहिरनं मोबाइल खिशात ठेवला. सर मात्र खड्ड्यांच्या खुणांकडे बघत होते. अकरा वर्षं आणि पाच महिने ज्या प्रश्नाला वाट सापडत नव्हती, त्याला एका सुतारानं चार फुटांची चौकट दिली होती. गुणाजीनं हे मुद्दाम केलं की काय, असंही त्यांच्या मनात आलं. त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर नारळाखेरीज कसलाही विचार नव्हता.

“दिंडी ठेवायला हरकत नसावी,” सर म्हणाले.

मधुवंतीबाईंनी चष्मा काढला. “सर, तुमचा यावर विश्वास आहे?”

“माझा त्याच्यावर नाही. पण त्याचा आपल्यावर असला तर पंचाईत.”

मिहिरला कल्पना झकास वाटली, गेटला कॅरेक्टर येतं म्हणाला. मधुवंतीबाईंनी बराच विचार केला आणि त्या शिस्तीच्या बाई असल्यामुळे राखणदारालाही शिस्त लावायचं ठरवलं. दिंडी आपोआप मिटली पाहिजे, नाहीतर कुत्री शिरतील. आणि सकाळचा ठरावीक वेळ सोडला तर तिला आतून कडी असेल. तेव्हा वेळ काय ते सांगा.

गुणाजीनं तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, “सात दहा.”

“इतका नेमका?”

“साधारण. थंडीत होतो उशीर.”

त्याप्रमाणे इतिवृत्तात नोंद झाली, की राखणदारास सकाळी पाच ते साडेसात या वेळात प्रवेश राहील. भारतातल्या कुठल्याही गृहनिर्माण संस्थेनं अदृश्य शक्तीला लेखी वेळ दिल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण असावं.

हे सगळं सुलक्षणानं, म्हणजे सरांच्या पत्नीनं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं होतं. सर घरात आले तेव्हा ती गवार मोडत होती. वर न पाहता ती म्हणाली, “राखणदाराचा नंबर आहे माझ्याकडे. लावून देऊ?”

कारण धोंडूची बायको कमल आणि सुलक्षणा या दोघी जावा रोज दुपारी अर्धा तास फोनवर बोलायच्या. भांडण पुरुषांचं होतं. ते त्यांनी पुरुषांकडेच ठेवलं होतं. सरांनी आवाज शक्य तितका सहज करून सुचवलं, की वहिनींना बोलता बोलता सांगायला हरकत नाही, दिंडी उघडी असते म्हणून.

“मी नाही सांगणार,” सुलक्षणा म्हणाली. “अकरा वर्षं निरोप दिले. पोटदुखीचे, बारशाचे, कुणी गेल्याचे. आता दार तुम्ही घातलंत. तुम्हीच सांगा.”

माघातल्या एका बुधवारी दरवाजा उभा राहिला. दोन मोठी पाखं, पितळी बिजागऱ्या, आणि डाव्या पाखाच्या पोटात दिंडी. गुणाजीनं दिंडीची बिजागरी केसभर कलती ठेवली होती, त्यामुळे सोडली की ती हळूच येऊन चौकटीत टेकायची, झोपेत कुशीवर वळावं तशी. मिटली की मात्र बाहेरून काही कळायचं नाही. फळीला फळी लागलेली. हँडल नाही, खूण नाही. मिहिरनं फोटो काढले. ज्यांनी ज्यांनी पाहिलं ते म्हणाले, वा.

गुरुवारी सकाळी सर सातपासून पडद्याआड उभे होते. कडी त्यांनी पाचलाच काढून ठेवली होती. नॅशनल पार्कच्या डोंगराकडून धुकं उतरलं होतं आणि नवा दरवाजा त्यात तरंगल्यासारखा दिसत होता, खाली वीतभर फट सोडून. सात दहाला त्या फटीत दोन पाय आले. रबरी स्लिपर, आणि डाव्या पायाचा अंगठा आत वळलेला. लहानपणी आंब्यावरून पडल्याचा. पडले दोघं होते, पण लागलं एकालाच.

पाय थांबले. सरांना वाटलं, आता ढकलेल. नुसतं बोट लावलं तरी उघडेल. पाय थोडे मागे सरकले, पुन्हा पुढे आले. वर दरवाजावर काय चाललंय ते दिसत नव्हतं. बघतोय का? हात ठेवलाय का? सरांचा स्वतःचा हात पडद्यावर होता, आणि तो पडदा बाजूला करायला, खिडकी उघडायला आणि एक शब्द बोलायला काहीच लागणार नव्हतं. ते फटीकडे बघत राहिले. मग पाय वळले आणि धुक्यात एकेक पाऊल करत विरघळले.

धोंडूनं दारातून काय वाचलं असेल ते सरांना न सांगता कळलं. धाकट्यानं अखेर उत्तर दिलं, असंच.

शुक्रवारी फटीत पाय आलेच नाहीत. सात दहा, सात वीस, साडेसात. एक मांजर तेवढं फटीखालून आलं आणि राखणदाराच्या थाटात निघून गेलं. जास्वंदीवर दोन दिवसांची फुलं होती. काल उमललेली काल संध्याकाळीच मिटून काळपट झाली होती, आजची उघडी होती. सर दिवसभर येता-जाता त्यांच्याकडे बघत होते. संध्याकाळी तीही मिटली. मधुवंतीबाई जाता जाता थांबल्या आणि म्हणाल्या, “बघा सर, एकही फूल गेलं नाही. गेटचा उपयोग झाला.” सर हो म्हणाले. जेवताना सुलक्षणानं सांगितलं, की कमलशी बोलणं झालं. सरांनी भात अर्धा टाकला.

शनिवारी सर पावणेसातलाच बाहेर पडले. अंगात स्वेटर, गळ्याला मफलर. दिंडी ओढून उघडली आणि मिटू नये म्हणून पाठ लावून चौकटीत उभे राहिले, निम्मे आत, निम्मे बाहेर. धुकं इतकं होतं की चाळ दिसत नव्हती, नुसता तिचा आवाज येत होता: नळाचं पाणी, स्टोव्ह, कुणाचा तरी खोकला. या सगळ्यात आपण कुठल्या वर्षी उभे आहोत ते सरांना नीट सांगता आलं नसतं. दूधवाला धुक्यातून निघाला आणि सेक्रेटरींना तिथं पाहून चाचरत गुड मॉर्निंग म्हणाला. सर डुलकीच्या काठावर होते. मनातल्या मनात त्यांनी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं, शुद्ध, नेमकं, कुणाचीच चूक न काढणारं. ते पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होते.

सात दहाला कुणी आलं नाही. सव्वासातला स्लिपरचा आवाज आला. तो दरवाजाकडे येत नव्हता, नदीकडच्या लांबच्या वाटेनं निघाला होता. मग थांबला. धुक्यात एक बारीक आकृती उभी राहिली, हातात पिशवी. तिला दारात माणूस दिसला असावा.

सरांना ते तयार वाक्य आठवेना. आकृती चार पावलं जवळ आली, आणखी चार, आणि चौकटीसमोर उभी राहिली. इतक्या जवळून धोंडू फारच लहान दिसत होता.

“डोकां सांभाळ, दादा,” सर म्हणाले. ज्या भाषेत ते बोलले, ती त्यांनी कॉलेजात, सोसायटीत, घरातसुद्धा कित्येक वर्षं वापरली नव्हती.

धोंडूनं आधी चौकटीकडे पाहिलं. बोटानं कड चाचपली. “गुणाजीचा काम?”

“होय.”

“ठेंगणा केल्यान.”

“राखणदारासाठी आसा.”

“राखणदाराक वाकाक लावतंत?” असं पुटपुटत धोंडू वाकला. त्याचा गुडघा वाकताना अडला तेव्हा त्यानं आधाराला जे जवळ होतं ते धरलं. जवळ सरांचा खांदा होता. आत येऊन तो सरळ झाला तरी हात थोडा वेळ तिथंच राहिला. दम लागला असेल.

मग तो जास्वंदीकडे गेला. सर चौकटीतून हलले नाहीत. धोंडूनं मिटलेली फुलं पाहिली, ती एकेक करून खुडून मुळाशी टाकली आणि आजची पाच काढून पिशवीत ठेवली. मधुवंतीबाईंच्या कॅमेऱ्यात हे सगळं साठत होतं. पुढच्या गेटकडे जाण्याऐवजी तो मागं वळला, आणि भाऊ अजून तसाच पाठीनं दार लोटून धरून उभा आहे हे पाहून थांबला.

“मी भुतूर इलंय. आता कित्याक धरून उभो?”

“बिजागरी नवी आसा. सोडलंय तर मिटता.”

“मगे किती दिवस धरतलंस?”

सरांनी खरंच विचार केला. जुनं सागवान, दहिसरची दमट हवा, पितळ, वजन.

“लाकूड बसापर्यंत.”

“सागवान ता,” धोंडू म्हणाला. “वर्स लागतला.”

“लागूंदे,” सर म्हणाले, आणि दार धरून राहिले.